रागावून थांबलेली माणसं



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांचं ग्राहक मार्गदर्शन केंद्र याच वाचनालयाच्या मागच्या खोलीत भरत असे, हे तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. कुणी मिक्सर घेऊन यायचं, कुणी शिलाई मशीनची पावती, पुढे पुढे मोबाइल. सर समोरच्याला आधी बसवायचे, पाणी द्यायचे आणि विचारायचे, "पैसे परत हवेत, की वस्तू नीट करून हवी?" बहुतेकांना वस्तू नीट करून हवी असायची, आणि तीही त्याच दुकानदाराकडून. सरांचं निदान ठाम होतं. माणूस भांडायला आला म्हणजे त्याचा विश्वास अजून शिल्लक आहे, असं ते मानत. ज्याचा विश्वास संपतो तो शेजारच्या दुकानात जातो आणि कुणाला काही बोलत नाही.

आज मी याच निदानाचा हात धरून एका परदेशी कंपनीची गोष्ट सांगणार आहे. ती मिक्सरची नाही, सॉफ्टवेअरची आहे. या सभागृहात सॉफ्टवेअर लिहिणारी, तपासणारी, गो-लाइव्हच्या रात्री जागणारी बरीच मंडळी बसली आहेत. त्यांनी ही गोष्ट आपल्या कामाची म्हणून ऐकावी, अशी माझी विनंती आहे.

कंपनीचं नाव सोनोस. कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथे २००२ मध्ये जॉन मॅकफार्लेन आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी ती सुरू केली. कल्पना अशी की घरातल्या प्रत्येक खोलीत एक स्पीकर असावा, सगळे स्पीकर एकमेकांशी बिनतारी बोलावेत, आणि एकच गाणं सगळ्या खोल्यांत एकाच क्षणी वाजावं. ऐकायला सोपं वाटतं, पण दोन खोल्यांतल्या आवाजात किंचितही फरक पडला तर दारात उभ्या माणसाच्या कानाला तो लगेच खटकतो. २००५ मध्ये पहिली यंत्रणा बाजारात आली, तेव्हा आयफोन यायला अजून दोन वर्षं होती. म्हणून सोनोसने स्वतःचा हातात धरायचा रिमोट बनवला होता. त्याला छोटा पडदा होता आणि बोटाने फिरवायचं चाक होतं. पुढे फोन आले, फोनवर ॲप आलं, आणि २०१८ मध्ये त्या जुन्या रिमोटचा आधार कंपनीने काढून घेतला. स्पीकरवर आवाज कमी-जास्त करायची बटणं असतात, बोलून हुकूम देता येतो, हे खरं. पण खोल्या जोडायच्या, गाणी शोधायची, रांग लावायची, गजर लावायचा, तर ॲपच हवं. हजारो रुपयांच्या वस्तूची सगळी सूत्रं एका ॲपच्या हाती गेली.

आणि वस्तू स्वस्त नाहीत. एरा १०० हा लहान स्पीकर अमेरिकेत २४९ डॉलरला आला. टीव्हीखाली ठेवायचा आर्क २०२४ मध्ये ८९९ डॉलरचा होता. लोक एक घेतात, आवडला की दुसरा, मग स्वयंपाकघरासाठी तिसरा. सोनोस ज्या घरात आहे तिथे सरासरी तीनच्या आसपास उपकरणं आहेत, आणि कंपनीच्या नव्या विक्रीतला ४० टक्क्यांहून मोठा वाटा जुनीच घरं उचलतात, असं तिचे स्वतःचे वार्षिक अहवाल सांगतात. ग्राहकाची निष्ठा ही इथे भाषणात वापरायची गोष्ट नाही, ती हिशेबाच्या वहीत आकड्याने दिसते. या कंपनीचा सगळा डोलारा परत येणाऱ्या माणसांवर उभा आहे.

७ मे २०२४ रोजी सोनोसने आपलं ॲप मुळापासून नव्याने लिहून सगळ्यांना दिलं. ज्यांच्या फोनवर अपडेट आपोआप होतात, त्यांनी काही मागितलं नव्हतं. त्यांनी ॲप उघडलं आणि ते बदललेलं होतं. गजर लावणं वा बदलणं जमेना. झोपताना गाणी ठराविक वेळाने बंद करणारा टायमर गायब. रांगेत गाणी हवी तशी लावता येईनात. स्वतःच्या संगणकात वर्षानुवर्षं जमवलेल्या गाण्यांत शोध घेता येईना. आवाजाची पट्टी ओढली की आवाज मागाहून, रेंगाळत बदलायचा, आणि काही घरांत तर स्पीकरच ॲपला दिसेनासे झाले.

यातल्या एका गोष्टीपाशी मला थांबायचं आहे. दृष्टिहीन माणूस फोन कसा वापरतो, हे आपण जवळून पाहिलेलं नसतं. तो काचेवर बोट ठेवतो. बोटाखाली जे असेल त्याचं नाव फोन मोठ्याने वाचतो. बोट उजवीकडे सरकवलं की पुढचं नाव. अशा नावांच्या साखळीवरून तो संपूर्ण पडदा मनात उभा करतो, आणि रोजच्या सवयीने त्याला पाठ असतं की चौथ्या सरकवणीला "थांबवा" येतं. ही नावं आभाळातून पडत नाहीत. कुणीतरी प्रोग्रॅमर प्रत्येक बटणाला ती देतो आणि त्यांचा क्रम ठरवतो. ते काम राहून गेलं की डोळसांना सुंदर दिसणाऱ्या पडद्यावर अंधाला नुसतं "बटण, बटण" ऐकू येतं, किंवा बोट एका कोपऱ्यात अडकून बसतं. सोनोसचं जुनं ॲप अनेक अंध श्रोत्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं. संगीत हा त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या दिवसाचा मोठा भाग. नव्या ॲपमध्ये स्क्रीन-रीडरच्या आधाराने वाट काढणं त्यांना अशक्यप्राय झालं. कंपनीने पुढच्या आठवड्यांत ते दुरुस्त करायला घेतलं, पण ज्या दिवशी ॲप बाहेर पडलं त्या दिवशी ही माणसं कुणाच्याच यादीत नव्हती. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत गंभीर दोष हाच. बाकीच्यांची गैरसोय झाली, यांच्या हातातून वस्तूच गेली.

कंपनीचा पहिला प्रतिसाद काय होता? उत्पादनांची जबाबदारी असलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्याने सांगितलं की आपल्या मुख्य उत्पादनाची अशी मुळापासून पुनर्बांधणी करायला धाडस लागतं, पुढे झेप घ्यायची तर आधी चार पावलं मागे यावं लागतं. हे वाक्य ग्राहकांच्या जिव्हारी लागलं. लागणारच. मागे आलेली पावलं कंपनीची नव्हती, त्यांची होती.

मुख्य अधिकारी पॅट्रिक स्पेन्स यांनी जाहीर माफी मागितली ती २५ जुलैला, म्हणजे अकरा आठवड्यांनी. ऑगस्टमध्ये कंपनीने सांगितलं की दुरुस्तीसाठी २ ते ३ कोटी डॉलर लागतील आणि तयार होत आलेली दोन नवी उत्पादनं पुढे ढकलली जातील. त्याच महिन्यात सुमारे १०० कर्मचाऱ्यांना काढलं. पुढच्या जानेवारीत स्पेन्स पायउतार झाले, टॉम कॉनराड आले, आणि फेब्रुवारीत आणखी सुमारे २०० जणांच्या नोकऱ्या गेल्या. चुकलेल्या रिलीजची किंमत शेवटी कुणाकुणाच्या घरापर्यंत पोहोचते, ते पाहा.

आता मधला एक प्रश्न. लोक पहिल्या दिवसापासून एकच मागत होते: जुनं ॲप परत द्या. तोडगा साधा वाटतो. मग का दिलं नाही? स्पेन्स यांनी ऑगस्टमध्ये याचं जे उत्तर दिलं, ते सॉफ्टवेअरवाल्यांनी लक्षपूर्वक ऐकण्यासारखं आहे. जुनं ॲप पुन्हा उपलब्ध करण्याची आशा आपल्याला अगदी अलीकडेपर्यंत होती, पण चाचण्या केल्यावर दिसलं की त्याने अडचणी वाढतील, असं ते म्हणाले. कारण फोनवरचं ॲप हा यंत्रणेचा एकच थर. दुसरा थर स्पीकरच्या आत असतो, तिसरा कंपनीच्या क्लाउडवर. मे महिन्यापासून उरलेले दोन्ही थर नव्या ॲपला जुळतील असे बदलत गेले होते. आता जुनं ॲप आणलं तर ते ज्यांच्याशी बोलायचं ती मंडळीच बदललेली. नदी ओलांडून होडी जाळून टाकावी, तसं हे झालं होतं, आणि होडीत बसलेल्यांना कुणी विचारलं नव्हतं.

रोलबॅक, म्हणजे जुन्या आवृत्तीवर परत येणं, हा शब्द आपण रोज वापरतो. रिलीजच्या कागदपत्रांत त्याचा रकाना असतो आणि तो भरलेलाही असतो. पण तो रकाना बहुधा पहिल्या रात्रीपुरता विचार करतो. पहाटे काही बिघडलं तर सकाळी नऊच्या आत मागे कसं यायचं, एवढंच. तीन महिन्यांनी मागे यायचं ठरलं तर? तोवर डेटाची रचना बदललेली असते, जुन्या आवृत्तीची माणसं दुसऱ्या प्रकल्पावर गेलेली असतात. परतीची वाट रोज थोडी थोडी बुजत असते आणि ती बुजते आहे याची नोंद कुठेच होत नाही.

निष्ठेचा विचार करताना मला अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाकडे जावंच लागतं. १९१५ साली बर्लिनमध्ये ज्यू कुटुंबात जन्मलेला, १९३३ मध्ये जर्मनी सोडलेला, १९४० मध्ये मार्सेय बंदरातून निर्वासितांना युरोपबाहेर काढण्याच्या कामात राबलेला हा माणूस. निघून जाणं म्हणजे काय, हे त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. १९७० साली त्याने एक छोटं पुस्तक लिहिलं. त्याची सुरुवात नायजेरियाच्या रेल्वेपासून झाली. तिथली रेल्वे शेंगदाण्यासारखा माल शेकडो मैल वाहून नेई, कारभार ढिसाळ होता, आणि शेजारी ट्रकची स्पर्धा उभी राहिली होती. स्पर्धा आली की रेल्वे सुधारेल, असा साधा हिशेब. तसं झालं नाही. ज्या व्यापाऱ्यांना ढिसाळपणा सर्वांत जास्त टोचत होता आणि ज्यांनी आरडाओरडा करून रेल्वेला जागं केलं असतं, तेच आधी ट्रककडे गेले. मागे उरले ते न बोलणारे. उत्पन्न घटलं तरी सरकारी तिजोरी होतीच, त्यामुळे रेल्वेला ना पैशाचा धक्का बसला ना शब्दाचा.

यावरून हर्शमनने मांडलं की बिघडत चाललेल्या संस्थेसमोर माणसाला दोन मार्ग असतात, निघून जाणं आणि आवाज उठवणं. निष्ठा या दोहोंच्या मध्ये उभी असते. ती माणसाला लगेच निघून जाऊ देत नाही, आणि राहिलेल्या त्या काळात त्याला बोलायला लावते. पण त्याने पुढे एक अट घातली, आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते. बोलण्याला वजन तेव्हाच येतं, जेव्हा जाण्याचं दार उघडं असतं. दार बंद असेल तर ऐकणाऱ्याला ऐकण्याची निकड उरत नाही.

ही अट सोनोसला लावून पाहा. मे २०२४ मध्ये लाखो लोक थांबले. त्यांतले किती जण प्रेमाने थांबले आणि किती जण भिंतीवर पक्के बसवलेल्या हजार-दोन हजार डॉलरच्या स्पीकरांमुळे? विक्रीच्या तक्त्यात दोघं एकाच रकान्यात दिसतात. महिन्याच्या अखेरीस खातं चालू असलेला प्रत्येक जण समाधानी धरला जातो. निष्ठावंत आणि अडकलेला यांतला फरक तक्त्याला कळत नाही, तो तक्रारीची भाषा वाचणाऱ्यालाच कळतो. निष्ठावंत माणूस सविस्तर लिहितो. अमुक स्पीकर, अमुक राउटर, अमुक वेळी असं घडलं, मी हे हे करून पाहिलं. इतका वेळ तो उगाच देत नाही. अडकलेला माणूस दोन ओळी लिहितो आणि पुढची खरेदी दुसरीकडे करतो. सोनोसचं वार्षिक उत्पन्न २०२३ च्या आर्थिक वर्षात सुमारे १६५ कोटी डॉलर होतं, ते २०२४ मध्ये सुमारे १५२ कोटींवर आलं. घसरणीला बाजारही जबाबदार होता. पण ज्या कंपनीची चाळीस टक्क्यांहून अधिक विक्री जुन्या घरांतून होते, तिने या घरांतली शांतता ऐकायला हवी होती.

उलट उदाहरण ॲपलचं. सप्टेंबर २०१२ मध्ये आयफोनच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीतून गूगलचे नकाशे काढले गेले आणि ॲपलचे स्वतःचे आले. ते चुकांनी भरलेले होते. ऑस्ट्रेलियात मिल्ड्युरा नावाचं शहर नकाशाने खऱ्या जागेपासून सुमारे ७० किलोमीटर दूर, एका राष्ट्रीय उद्यानाच्या मध्यावर दाखवलं. तिथे पाणी नाही, उन्हाळ्यात तापमान ४६ अंशांपर्यंत जातं. लोक तिथे जाऊन अडकले आणि स्थानिक पोलिसांना डिसेंबरमध्ये जाहीर इशारा द्यावा लागला. सदोष सॉफ्टवेअर जिवावर कसं बेतू शकतं, याचं हे उदाहरण कुठल्याही प्रशिक्षणात शिकवावं असं आहे.

पण तेव्हा ॲपलचे प्रमुख असलेले टिम कुक यांनी काय केलं? नकाशे बाहेर पडल्यापासून दहा दिवसांच्या आत, २८ सप्टेंबरला, त्यांनी सही करून माफीचं पत्र प्रसिद्ध केलं. आमचं चुकलं, असं त्यात होतंच. शिवाय आमचे नकाशे सुधारेपर्यंत तुम्ही दुसऱ्यांचे वापरा, असंही होतं, आणि त्या दुसऱ्यांची नावं होती. त्यात गूगलचंही नाव होतं. आपल्या कट्टर स्पर्धकाचं नाव स्वतःच्या पत्रात लिहिणं सोपं नाही. मला या पत्रात खरी समज दिसते. त्यांनी ग्राहकाला दार उघडून दिलं. लोकांनी आयफोन सोडला नाही, काही काळ दुसरे नकाशे वापरले, आणि ॲपलला आपले सुधारायला वर्षं मिळाली. अर्थात इथे नकाशा हा फोनचा एक भाग होता, सोनोसचं ॲप म्हणजे जवळपास सगळी वस्तूच. तरीही वृत्तीतला फरक मोठा आहे.

मायक्रोसॉफ्टची विंडोज व्हिस्टा तुमच्यापैकी वयाने मोठ्या मंडळींना आठवेल. जानेवारी २००७ मध्ये ती घरगुती ग्राहकांसाठी आली, जड होती, जुने प्रिंटर तिच्यावर चालेनात. लोकांनी आधीची विंडोज एक्सपी सोडायला नकार दिला. कंपनीने कुरकुरत का होईना एक्सपीची विक्री वाढवली, व्यावसायिक आवृत्त्यांवरून एक्सपीवर मागे जाण्याची परवानगी दिली, आणि २००९ च्या ऑक्टोबरात विंडोज ७ आणली. लोक आले. पावणेतीन वर्षं ते विंडोजमध्येच थांबले होते, फक्त एक पायरी मागे.

आपल्या इथे ग्राहक चळवळीला हे नवीन नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यातून ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं, पुढच्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. शेजारपाजारची कुटुंबं संघ करतात, महिन्याचा किराणा एकत्र मागवतात. डाळ खराब निघाली तर ती निवडणाऱ्यापर्यंत निरोप पोहोचतो, कारण निवडणाराही सभासदच. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामागे देशभरातल्या अशा चळवळींचा रेटा होता, आणि २०१९ च्या कायद्यात सदोष उत्पादनाच्या उत्तरदायित्वाचं स्वतंत्र प्रकरण आलं. पण विकत घेतल्यावर चार वर्षांनी अपडेटमधून एखादी सोय काढून घेतली, तर तो दोष कुणाचा आणि भरपाई कशाची, या प्रश्नाला आपल्या वकिलांनी आणि आयोगांनी अजून नेटाने हात घालायला हवा. पावतीवर वस्तूचं नाव असतं. तिच्या सोयींची यादी नसते. सर असते तर त्यांनी हा विषय नक्की धरून ठेवला असता.

आता तुमच्याकडे, रिलीज करणाऱ्यांकडे वळतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये सोनोसने काय चुकलं याची चौकशी करून काही वचनं जाहीर केली. चाचणीचा काळ वाढवू, चाचणीत अधिक वेगवेगळी घरं आणि उपकरणं घेऊ, मोठे बदल एकदम सगळ्यांवर न लादता हळूहळू देऊ, हमीची मुदत एक वर्षाने वाढवू, गुणवत्ता सुधारेपर्यंत वरिष्ठ अधिकारी बोनस घेणार नाहीत. ही सगळी चांगली. पण त्यात आणखी एक होतं: गुणवत्तेसाठी एक लोकपाल नेमू, म्हणजे कर्मचाऱ्यांना आपली शंका थेट वर पोहोचवता येईल. या वचनाचा अर्थ काय निघतो? आतल्या माणसांचा आवाजही वर पोहोचत नव्हता. ॲप तयार नाही, असं आतून सांगितलं गेलं होतं, अशा बातम्या त्याआधी आल्याच होत्या. पण कंपनीचे नवे हेडफोन मे महिन्यात जाहीर व्हायचे होते, जूनमध्ये विक्रीला यायचे होते. तारीख ठरलेली होती. तारखेपुढे चाचणी विभागातल्या (क्यूए) मुलीने नोंदवलेला बग किती लहान वाटतो, हे हिंजवडीत आणि खराडीत काम करणाऱ्यांना मी सांगायची गरज नाही.

मला वाटतं, बाहेरचा तक्रार करणारा ग्राहक आणि आतली बग नोंदवणारी मुलगी ही एकाच जातीची माणसं आहेत. दोघांनाही ती वस्तू चांगली व्हायला हवी आहे. दोघांनाही निघून जाता येतं आणि दोघंही अजून गेलेली नाहीत. जी कंपनी आतल्या मुलीचं ऐकत नाही, तिच्यावर बाहेरच्या ग्राहकाचं ऐकण्याची वेळ येते तेव्हा ऐकून घेण्याची रचनाच हाताशी नसते.

एक शेवटची हकिकत, कारण ती फारशी सांगितली जात नाही. जानेवारी २०२० मध्ये सोनोसने जाहीर केलं होतं की काही जुन्या उपकरणांना मे महिन्यानंतर नवे अपडेट मिळणार नाहीत, आणि एक जुनं उपकरण घरात असलं तरी तिथली नवीही अडून राहतील. दहा-दहा वर्षं सोबत केलेले ग्राहक भयंकर संतापले. दोनच दिवसांत स्पेन्स यांनी पत्र लिहून दिलगिरी व्यक्त केली आणि जुनी व नवी उपकरणं एका घरात वेगवेगळी चालवता येतील अशी सोय करू, असं सांगितलं. त्या जूनमध्ये दोन ॲप वेगळी झाली. नव्यासाठी एस-टू, जुन्यासाठी एस-वन. एस-वनला नव्या सोयी मिळणार नव्हत्या, फक्त ते चालू राहणार होतं.

७ मे २०२४ चा बदल एस-टूच्या जागी आला. एस-वनला त्याने हात लावला नाही. चार वर्षांपूर्वी ज्यांचे स्पीकर कालबाह्य ठरवले गेले होते, ज्यांनी भांडून आपल्यासाठी वेगळी वाट मिळवली होती, त्यांच्या घरी त्या सकाळी गजर वेळेवर वाजला आणि रांगेतली गाणी लावल्या क्रमाने सुरू झाली.